नाळेनं आलेला अर्ज

"कुठून आलात?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"नाळेनं," मी म्हणाले.

त्याने कागदातून मान वर काढली. "काय?"

"नाळेनं आलो. उजाडताना घर सोडलं, कोवळ्या उन्हात पठारावर. तिथून एसटी."

सुगंधाने मागून मला कोपराने ढोसलं. "आते, गाव विचारतायत ते."

आमच्याकडे कुठून आलात असं विचारलं की माणूस वाट सांगतो. गाव तर सगळ्यांना ठाऊकच असतं. साळवणगडाच्या कड्याखाली आमची आंबेखोडी, आणि कड्याला वरपासून खालपर्यंत एक अरुंद घळ पडलेली आहे, तिला आम्ही नाळ म्हणतो. आमच्याकडून गडावर चढायला तेवढीच एक वाट. बाजाराला गेलेला माणूस वाकड्या रस्त्याने परतला की नाळेनं, हे लोकांना कळलं पाहिजे, म्हणून विचारायचं. विद्यापीठातल्या खिडकीशी त्याचा अर्थ वेगळा असतो हे मला त्या जूनमध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

सुगंधा पुढे झाली. ती माझ्या भावाची, लक्ष्मणची मुलगी. मी विधवा होऊन माहेरी परतले तेव्हा ती रांगत होती. तिला मी वाढवलं आणि तिने मला शिकवलं. ती पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पाटीवर मी अ गिरवला. तेव्हा माझं वय सेहेचाळीस.

"सुगंधा लक्ष्मण मेंगाळ," ती म्हणाली. "पर्यटनाच्या पदवीचा अर्ज पाठवला होता. स्थानिक जागेतून. आज यादी लागणार होती ना?"

"लागली आहे. फलकावर बघा."

"बघितली. माझं नाव नाही."

कारकुनाने एक जाड वही ओढली, पान उलटलं, त्यावर बोट ठेवून ती आमच्याकडे फिरवली. "अर्ज अपात्र. कारण, अंतर. गडापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला स्थानिक धरतात. तुमचं गाव एकशे अठरा किलोमीटरवर आहे."

मला वाटलं तो दुसऱ्या कोणाचं पान वाचतोय.

"भाऊसाहेब," मी म्हणाले, "आमच्या अंगणातून गडाचा बुरूज दिसतो. बुरुजावर कोणी उभं असलं तर बाई आहे का बाप्या, ते आम्ही सांगू."

"दिसत असेल. रस्त्याने एकशे अठरा आहे. पठारावरून घाट उतरायचा, वळसा घालून तालुक्याला यायचं, तिथून तुमच्याकडे. जिल्हासुद्धा बदलतो."

"रस्त्यानं कोण जातंय?"

"नियम रस्त्याचा आहे, बाई."

"नाळेनं दीड तास लागतो. डोक्यावर पिठाचं गाठोडं घेऊन दीड तास."

"नाळ माझ्याकडे नाही," तो म्हणाला आणि वही मिटली.

इथे सांगायला हवं की ती जागा आम्हाला कशासाठी हवी होती. पदवीची हौस म्हणून नव्हे. त्याआधीच्या वर्षी गडावर एक फलक लागला होता. दोन वर्षांनी गडावर वाट दाखवायची परवानगी फक्त बिल्लेवाल्यांना मिळणार होती, आणि बिल्ला फक्त त्यांना, ज्यांच्याकडे ही पदवी असेल किंवा जे ती शिकत असतील. माझ्या बापाने आयुष्यभर लोकांना गड दाखवला. त्याच्यामागून मी. माझ्यामागून सुगंधा दाखवायची. बारावी एकसष्ट टक्क्यांनी पास झालेली, इंग्रजीत दोन वाक्यं न अडखळता बोलणारी. बिल्ला नाही म्हणजे तिने स्वतःच्या गडावर जाऊन काय करायचं, तर ताक विकायचं. तेही कोणी विकू दिलं तर.

आम्ही खिडकीपासून हललो नाही तेव्हा कारकुनाने आत जाऊन कर्णिक सरांना बोलावलं. मला धीर आला. कर्णिक सर त्या विभागाचे मुख्य. दर जानेवारीत मुलं घेऊन ते गडावर यायचे, गुहेतल्या माझ्या चुलीवरची भाकरी खायचे, आणि मग मी त्या सगळ्यांना नाळेनं खाली उतरवायची. अकरा वर्षं हा शिरस्ता होता.

"बुधाबाई? तुम्ही इथे?" त्यांचा चेहरा खरंच उजळला. "या, बसा. चहा सांगतो."

"चहा नको, सर. पोरीचं काम आहे."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा हळूहळू कचेरीतल्या माणसासारखा झाला.

"वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण नियम माझ्या हातात नाही."

"सर, तुम्ही नाळ उतरलाय. आमच्या दारात येऊन पाणी प्यालाय. गडापासून आमचं गाव किती लांब आहे, एवढंच कागदावर लिहून द्या. बाकी काही नको."

"ती वाट नकाशात नाही, बुधाबाई. नसलेल्या वाटेचं अंतर मी कसं लिहून देणार?"

"नसलेल्या वाटेनं तुम्ही अकरा वेळा उतरलात?"

कारकून नाकातल्या नाकात हसला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं तसं त्याने वहीत डोकं घातलं.

"आणि तसंही," सर आवाज खाली आणून म्हणाले, "स्थानिकांच्या पाच जागा यंदा भरल्या. जागाच शिल्लक नाही. असती तर काहीतरी केलं असतं."

बाहेर आलो. सुगंधा तरातरा फाटकाकडे निघाली होती, मी फलकाशी थांबले. मला यादी वाचायची होती. मी एकेक अक्षर लावून वाचते, त्यामुळे वेळ फार लागतो, पण वाचलेलं मग डोक्यातून जात नाही. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, स्थानिक रहिवासी, साळवणगड परिसर. खाली पाच नावं, आणि पाचांच्याही पुढे पत्ता: साळवणगड पठार, बंगला क्रमांक अमुक.

पठारावर दोन वाड्या आहेत. त्यांतल्या म्हशीसुद्धा मी नावाने ओळखते. त्या यादीतलं एकही नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

बंगले मात्र ठाऊक होते. शहरातल्या लोकांनी बांधलेले. नवीन वर्षाला दोन दिवस गाड्या यायच्या, गाणी लागायची, मग वर्षभर तिथे फक्त राखणदार.

मी खिडकीशी परत गेले. "हे पाचजण गडावर राहतात असं कोणी सांगितलं?"

"विजेचं बिल जोडलंय त्यांनी. बिलावर पत्ता असतो."

"आणि माणूस?"

"माणसाचं काय?"

"बिलावर माणूस राहतो का?"

त्याने खिडकीची झडप ओढून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती म्हणे.

एसटीत बसलो. पठारावर उतरलो, नाळेच्या तोंडाशी आलो, तेव्हा तिने चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, "आते, आपण एकशे अठरा किलोमीटर चाललो तर पोचायला किती दिवस लागतील?"

"पाच."

"मग बरं झालं नाळेनं आलो ते," ती म्हणाली आणि उतरू लागली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. मी मुद्दामच चार पावलं मागे राहिले.

जानेवारी आला. पठारावरच्या दुकानातून निरोप आला की कर्णिक सर चाळीस मुलं घेऊन येतायत, नेहमीप्रमाणे उतरायचंय.

लक्ष्मण दारात काठी तासत बसला होता. "यंदा त्याला नाय म्हण," तो म्हणाला. "वाट नाय ना त्याच्या नकाशात? मग जाऊ दे त्याला गाडीनं."

"नाळेच्या तोंडाशी उभ्या माणसाला नाय म्हणायचं नसतं. आपल्या बापानंच शिकवलंय."

"बापाला त्यांनी अपात्र म्हणून नव्हतं परत धाडलं."

"मी उतरवणार," मी म्हणाले. सुगंधा चुलीपाशी होती. तिने पीठ मळायचं थांबवलं नाही, पण म्हणाली, "मागं मी राहते. तू पुढं हो." मोठा घोळका असला की दोघी लागायच्या, एक पुढे आणि एक शेवटच्या माणसाच्याही मागे.

नाळेची एक रीत आहे. आजही आहे. माझ्या आजाच्या काळी एक वाटसरू नाळेत पडून मेला. सोबत कोणी नव्हतं. तो कुठला, कोणाचा, कोणालाच माहीत नव्हतं. निरोप धाडणार कुठे? चार दिवस वाट पाहून लोकांनी त्याला घळीच्या कडेला दगडांखाली ठेवलं. त्याची माणसं कुठेतरी त्याची वाट बघत म्हातारी झाली असतील. तेव्हापासून उतरण्याआधी वाटाड्याने प्रत्येकाला विचारायचं, कुठला? आणि त्याने आपल्या घराचं ठिकाण सांगायचं, जिथे आपली माणसं आहेत ते. खाली पोचलं की त्याच ठिकाणांनी हाक मारून माणसं मोजून घ्यायची. इथे आमच्याकडचा माणूसही गावच सांगतो, वाट नव्हे, कारण वाट तर समोरच असते. माझा बाप ही सगळी गावं डोक्यात ठेवायचा. मला लिहिता यायला लागल्यावर मी वही केली. नाव मी लिहायची, पुढे ठिकाण ज्याचं त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, म्हणजे वाचताना माझी चूक नको.

सर मुलांना घेऊन गडावरून आले. जून महिना जणू झालाच नव्हता अशा आवाजात म्हणाले, "काय बुधाबाई, तब्येत कशी आहे?"

"चालते आहे."

"सुगंधा काय करते?"

"तुमच्या मागं आहे, तिलाच विचारा."

सुगंधाने त्यांना नमस्कार केला. त्यांनी घड्याळात पाहिलं. गाडी सकाळीच मुलांना सोडून वळसा घालून आंबेखोडीकडे निघाली होती, संध्याकाळी ती खाली उभी असणार होती. म्हणजे आता नाळेशिवाय दुसरा रस्ता कोणालाच नव्हता.

मी दगडावर बसले, वही मांडीवर घेतली, रीत समजावून सांगितली. मुलं हसली. शहरातली मुलं नेहमी हसतात इथे.

"म्हणजे पडलो तर कुरिअर कुठे करायचं ते?" एकाने विचारलं.

"तसंच समज."

रांग सरकू लागली. मी विचारायची, मुलं लिहायची. नाशिक. कोल्हापूर. डोंबिवली. संगमनेर. पुणे. पुणे. एक मुलगी यवतमाळची होती, एसटी, मग रेल्वे, असा वीस तासांचा प्रवास करून आली होती शिकायला. तिने गावाबरोबर आईचं नावही लिहिलं. एकजण बार्शीचा. त्यांच्यावर माझा राग नव्हता. कोणी दूरवरून शिकायला येतो यात वाईट काय असतं?

मग एक उंच पोरगा आला. कानात बाळी, पायांत महागाचे बूट.

"नाव?"

"निखिल सुर्वे."

माझं पेन थांबलं. फलकावरचं पहिलं नाव. बंगला क्रमांक सात.

"कुठला?"

"पुणे. बाणेर."

"पठारावरचा नव्हेस?"

"पठारावर बंगला आहे आमचा, आजी. राहतो पुण्यात."

"नीट सांग, बाळा. पडलास तर निरोप कुठं धाडू? बंगल्यावर?"

तो मोकळेपणाने हसला. "बंगल्यावर कोण आहे? कुत्रासुद्धा नसतो तिथे. पुण्याला धाडा."

"मग लिही तसं."

त्याने लिहिलं. पुणे, बाणेर, आणि खाली ऐटीत सही.

मागे सर उभे होते. त्यांनी गळ्यातला मफलर काढला आणि परत घातला.

दुसरं नाव चौदा-पंधरा मुलांनंतर आलं. ईशा गद्रे. मुंबई, पार्ले. तिसरा आणि चौथा चुलतभाऊ होते, दोघेही ठाण्याचे. पाचवा रांगेच्या जवळजवळ शेवटी आला, त्याने नाव सांगितल्यावर मी विचारायच्या आधीच पुणे लिहून टाकलं. नाळेच्या तोंडाशी उभं राहून खाली पाहिलं की माणूस खोटं सांगत नाही. घर आठवतं.

"आटपा बुधाबाई," सर म्हणाले, "ऊन चढतंय."

"तुम्ही राहिलात, सर. कुठले?"

"मला ओळखता ना तुम्ही."

"रीत आहे."

त्यांनी वही घेतली. लिहायच्या आधी वरची सगळी ओळ न् ओळ वाचली. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. पाच ठिकाणी ते थांबले, पाचही ठिकाणं बरोबर होती. मग शहराचं नाव लिहून त्यांनी वही परत दिली.

उतरायला चार तास लागले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कोणाला खरचटलं, कोणाला चक्कर आली, ईशा गद्रे एका टप्प्यावर रडायला लागली. सुगंधाने तिचा पाय स्वतःच्या हातात धरून एकेका खोबणीत ठेवला, तब्बल अर्धा तास. "खाली बघू नको, माझ्या हाताकडं बघ," एवढंच तिला सांगत होती. जिने तिची जागा घेतली होती तिचा पाय. सुगंधाला ते नाव माहीत नव्हतं असं नाही. यादी तिनेही वाचली होती.

आंबेखोडीच्या पाराशी मी वही उघडून हाका मारल्या. नाशिक, कोल्हापूर, यवतमाळ. सगळे आले होते. गाडी उभी होती. मुलं पाणी प्यायला पळाली तसे सर आम्हा दोघींजवळ आले.

"बुधाबाई, ते पान मला द्या."

"कशाला, सर?"

"उगीच कोणाच्या हाती लागलं तर पोरांचं नुकसान होईल."

"कोणाच्या पोरांचं?"

त्यांनी सुगंधाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग खालच्या आवाजात, पण घाईने बोलले. "हे बघा, मी काही तुमचा शत्रू नाही. पुढच्या जूनमध्ये सुगंधाची जागा धरा. माझा शब्द आहे. अंतराचं मी बघतो. ते पान तेवढं फाडून द्या, म्हणजे विषय संपला."

खोटं कशाला सांगू? मी पान धरलं होतं. शिवणीपाशी दोन बोटं फाटलंही होतं. मला सुगंधाच्या छातीवर बिल्ला दिसत होता. पाच चोर सुटले तर सुटू देत, माझी पोर तर जाईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

"सर," सुगंधा म्हणाली, "जूनमध्ये तुम्ही म्हणालात जागा शिल्लक नाही. असती तर काहीतरी केलं असतं."

"हो, तेव्हा नव्हती."

"मग पुढच्या जूनमध्ये कुठून येणार?"

"ते माझ्यावर सोड."

"नाही, सांगा ना. यंदाच्या पाचांनी खोटा पत्ता दिला ते तुम्हाला आज कळलं. आता पुढच्या वर्षी दुसरे पाच देतील. त्यांतला एक तुम्ही काढणार आणि मला घेणार. बाकीचे चार राहणार. आणि मी त्या चारांबरोबर बसून शिकणार, की गड कोणाचा."

"सुगंधा, व्यवहाराने वाग. तुझ्या भल्याचं बोलतोय."

"माझा अर्ज खरा होता, सर. तो खरा म्हणून घ्या. पानाच्या बदल्यात नको."

मग ती माझ्याकडे वळली. "आते, देऊ नको."

तिच्या आवाजात जोर नव्हता.  मी वही मिटली आणि कमरेला खोचली. सर गाडीत जाऊन बसले. गाडी निघाली तेव्हा ती यवतमाळची पोरगी खिडकीतून आम्हाला हात करत होती.

त्या पानाची झेरॉक्स आणि एक अर्ज आम्ही विद्यापीठाच्या मोठ्या कचेरीत पोस्टाने पाठवला. पाच नावं, पाच बंगले, पाच हस्ताक्षरं. मी स्वतः लिहिला, सुगंधाने फक्त मात्रा-वेलांट्या पाहिल्या. पोचपावती आली. मग काहीच नाही. लक्ष्मण रोज विचारायचा, "आलं का तुमच्या सरकारचं?" आणि हसायचा, पण पोस्टमन दिसला की सगळ्यांच्या आधी तोच उठायचा.

मे महिन्यात पत्र आलं. आयुष्यात माझ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र. पाकिटावर श्रीमती बुधाबाई असं छापलेलं होतं. सुगंधा गडावर गेली होती. तिच्यासाठी थांबावं असं वाटलं, पण थांबवेना. मी उंबऱ्यावर बसले आणि बोट ठेवून वाचायला लागले.

पहिल्या परिच्छेदात माझ्या पत्राचा क्रमांक आणि तारीख. दुसऱ्यात होतं की वाटाड्याची वही हा रहिवासाचा ग्राह्य पुरावा धरता येत नाही. विजेचं बिल धरता येतं. ग्राह्य हा शब्द मला लागेना. तो मी चार वेळा जुळवला. तिसरा परिच्छेद छोटा होता. त्यात लिहिलं होतं की अर्जदार कुठून येतात याची विभागाने पाहणी केली, तीत गडाच्या पायथ्याच्या गावांतून एकही अर्ज प्राप्त झाल्याचे आढळून आले नाही, सबब प्रतिसादाअभावी स्थानिक रहिवाशांसाठीच्या पाचही जागा येत्या वर्षापासून रद्द करण्यात येत आहेत. खाली कर्णिक सरांची सही.

मला वाटलं माझंच वाचायला चुकलं. लहानपणी शिकले असते तर बरोबर वाचलं असतं. मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. तिसऱ्यांदा वाचून होईतो ऊन अंगणातून भिंतीवर चढलं होतं.

सुगंधा आली. तिने पत्र उभ्याउभ्याच वाचलं, मला जेवढा वेळ एका ओळीला लागला असेल तेवढ्यात.

"एकही नाही," ती म्हणाली.

"तसंच आहे ना? मी बरोबर वाचलं?"

"बरोबर वाचलंस, आते."

ती हातपाय धुवायला गेली. खूप वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

याला आता सतरा वर्षं झाली. त्या पाचांपैकी कोणी कधी गडावर वाट दाखवायला आलं नाही. बिल्ले घेऊन ते कुठे गेले मला माहीत नाही. सुगंधा अजून नाळेनं माणसं उतरवते. दोनदा तिला बिल्ला नाही म्हणून गडाच्या दारात अडवलं, एकदा वनखात्याच्या गाडीत बसवून नेलं आणि संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी ती परत गेली. परीक्षा न देता जे येतं ते तिला सगळं येतं, आणि गुन्हाही तोच आहे.

पण त्या दिवसाचं सांगत होते. ती धुऊन आली तोवर मी वहीचं एक कोरं पान काढून लिहायला बसले होते. मला फार लिहिता येत नाही, म्हणून थोडंच लिहिलं:

"तुमचं पत्र पोचलं. पायथ्याच्या गावांतून एकही अर्ज आला नाही असं तुम्ही लिहिलंय. एक आला होता. सुगंधा लक्ष्मण मेंगाळ, बारावी पास, गाव आंबेखोडी. ती स्वतः आली होती, मी तिच्याबरोबर होते. तुमच्या खिडकीतल्या वहीत तो अर्ज लिहिलेला मी डोळ्यांनी पाहिला. तुम्ही तो घेतला नाय."

सुगंधाने खांद्यावरून वाकून वाचलं.

"आते, शेवटी 'नाही' लिहितात. 'नाय' नाही लिहीत."

"नाही त्यांनी लिहिलंय," मी म्हणाले. "आपण नाय लिहू."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं. मला वाटलं दुरुस्त करतेय. तिने त्या ओळीखाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि पुढे गाव.